विश्लेषण : मोबाइलमध्ये जीपीएस असताना वनरक्षकाने नकाशा वाचायला का शिकायचे?

उन्हाळा लागतो, सागाची पाने गळतात आणि वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर वणव्याच्या सूचना येऊ लागतात. सूचनेत अक्षांश-रेखांश असतात, पडद्यावर एक लाल ठिपका असतो. तेथवर पोहोचायला ॲप आहेच, मग कागदी नकाशा, होकायंत्र आणि हवाई छायाचित्रांचे वाचन हे सारे कालबाह्य झाले का? उत्तर नाही असे आहे. ठिपका दाखवणे यंत्राला जमते, पण त्यावर किती विश्वास ठेवायचा हे माणसालाच ठरवावे लागते. जंगलात या फरकाची किंमत कधी आगीत, तर कधी जमिनीत मोजावी लागते.

उपग्रहाचा ठिपका नेमके काय सांगतो?

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना देते. आज त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘व्हीआयआयआरएस’ या संवेदकाचा एक चौकोन, म्हणजेच पिक्सेल, सुमारे ३७५ मीटर लांब-रुंद असतो. त्याचे क्षेत्रफळ होते सुमारे १४ हेक्टर, म्हणजे जवळपास ३५ एकर. मोबाइलवर दिसणारा ठिपका हा या चौकोनाचा मध्यबिंदू असतो. प्रत्यक्ष आग चौकोनात कुठेही असू शकते, अगदी मधल्या टेकडीच्या पलीकडच्या उतारावरही. आग उताराने वर वेगाने चढते. त्यामुळे कोणत्या बाजूने जायचे, जाळरेषा कुठे अडवायची आणि परतीची वाट कोणती, हे ठिपका सांगत नाही. ते नकाशावरच्या समोच्च रेषा सांगतात.

दुसरा घोटाळा आकड्यांचा होतो. २०.४५ अंश आणि २० अंश ४५ मिनिटे हे वाचायला सारखेच वाटतात. पण २०.४५ अंश म्हणजे २० अंश २७ मिनिटे. अक्षांशात १८ मिनिटांची चूक झाली, तर जमिनीवर सुमारे ३३ किलोमीटरचा फरक पडतो. वायरलेसवर आकडे सांगताना ही चूक झाली, तर पथक दुसऱ्याच वनपरिक्षेत्रात पोहोचू शकते.

स्थलनिर्देशक नकाशा कसा वाचतात?

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा हा वनकामाचा जुना पाया आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. जुन्या पद्धतीत प्रत्येक नकाशा १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश व्यापतो आणि त्याला ठरलेला क्रमांक असतो. उदाहरणार्थ, मेळघाटातील चिखलदरा ५५ जी/७ या नकाशात येते. जंगल हिरव्या, उंचीच्या रेषा तपकिरी, तर बारमाही पाणी निळ्या रंगात असते. कोरडा नाला काळ्या रंगात असतो. एप्रिल-मेमध्ये पाणवठा शोधणाऱ्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

तपकिरी समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचे अंतर असते. एका सेंटिमीटरमध्ये अशा दहा रेषा ओलांडाव्या लागत असतील, तर ५०० मीटरच्या अंतरात २०० मीटरचा चढ आहे. रेषा इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळल्या आणि टोक उंच भागाकडे असेल तर तो नाला, टोक सखल भागाकडे असेल तर ती डोंगराची सोंड. एवढे कळले तरी चालण्याआधीच वाटेचा अंदाज बांधता येतो. जुन्या नकाशातले रस्ते आणि वस्त्या बदललेल्या असतात, पण टेकडी आणि मोठा नाला सहसा जागा सोडत नाहीत.

होकायंत्राची अजून गरज आहे का?

दाट झाडीत आणि खोल दरीत जीपीएसचे संकेत अडतात किंवा कड्यावर आदळून परततात आणि ठिकाण सरकते. बॅटरी संपली तर प्रश्नच मिटला. अशा वेळी दोन ओळखीच्या खुणा पुरतात. समजा, टेकडीवरचे देऊळ होकायंत्रात ६० अंशांवर दिसते. नकाशावर त्या देवळापासून उलट दिशेने, म्हणजे २४० अंशांवर, रेषा ओढायची. दुसऱ्या शिखरावरून तसेच करायचे. दोन रेषा जेथे छेदतात, तेथे आपण उभे आहोत. तिसरी खूण घेतली तर चूकही कळते. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात सध्या एका अंशाहूनही कमी असल्याने येथे हे काम आणखी सोपे आहे.

जीपीएस वापरतानाही नकाशाचे ज्ञान लागते. जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ या पायावर, तर जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ या पायावर काम करते. पृथ्वीचा आकार मानण्याच्या या दोन पद्धती आहेत. रूपांतर न करता जीपीएसचे आकडे जुन्या नकाशावर मांडले, तर ठिकाण शंभर मीटरच्या आसपास सरकू शकते. तेवढ्याने वनकक्षाची हद्द सहज ओलांडली जाते.

हवाई छायाचित्रातून जंगल कसे ओळखतात?

ही विद्या भारतीय उपखंडाच्या वनखात्यांना नवी नाही. ब्रह्मदेशातील इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातील जंगलांची विमानातून छायाचित्रे १९२४ मध्येच घेतली गेली. १९६६ मध्ये डेहराडूनला छायाचित्र-वाचन शिकवणारी संस्था सुरू झाली. तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. एकमेकांवर सुमारे ६० टक्के चढणारी दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली की जमीन उठून दिसते आणि झाडांच्या उंचीचा अंदाज येतो.

रंगछटा, पोत, आकार, सावली, मांडणी आणि परिसर या वाचनाच्या खुणा आहेत. सरळ ओळीत सारख्या आकाराचे शेंडे दिसले तर ते रोपवन. लहानमोठे शेंडे मिसळलेले असतील तर ते नैसर्गिक मिश्र जंगल. उन्हाळ्यातील चित्रात करड्या उतारावर गडद हिरवी पट्टी दिसली तर तो बहुधा नाला, कारण काठावरची जांभळासारखी झाडे तेव्हाही हिरवी असतात. चित्राची तारीखही पाहावी लागते. एप्रिलमधला पानगळीचा सागवान उजाड माळासारखा दिसू शकतो.

डोळाही फसतो. अनेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास चित्र घेतात. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला असल्याने सावली वायव्येकडे, म्हणजे चित्रात वरच्या बाजूला पडते. उजेड वरून येतो असे गृहीत धरणाऱ्या मेंदूला मग दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा दिसतो. चित्र उलटे फिरवले की खरे रूप दिसते.

चित्रातील सारेच हिरवे म्हणजे जंगल का?

नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल, तर ते वनाच्छादन. जमिनीची मालकी किंवा झाडाची जात त्यात पाहिली जात नाही. म्हणून बागाही त्यात येऊ शकतात. चित्र फक्त आच्छादन सांगते. तेथे काय आहे आणि ते कोणाचे आहे, हे जमिनीवर जाऊनच तपासावे लागते.

एका रेषेने किती जमीन जाऊ शकते?

खरा प्रश्न येथे आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा सिद्ध करावा लागतो आणि अनेक दावे एक-दोन एकरांचे असतात. एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटर बाजूचा चौकोन. १:५०,००० च्या नकाशावर तो सव्वा मिलिमीटरचा ठिपका होतो. त्याच नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलरेषा २५ मीटर जमीन झाकते. २३.५ मीटर पिक्सेलच्या उपग्रहचित्रात एक एकर म्हणजे जेमतेम सात चौकोन. मोजणीत चारही बाजूंची रेषा पाच मीटर आत सरकली, तर ४० गुंठ्यांपैकी साडेअकरा गुंठे गेले. कोणाची लबाडी नसतानाही पाव एकराहून अधिक जमीन कागदावरून नाहीशी होते.

म्हणूनच २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्र हा पूरक पुरावा मानला, इतर पुराव्यांना पर्याय नव्हे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीने जागेवर जाऊन ओळखता येतील अशा खुणांसह दाव्याचा नकाशा करावा, असेही नियम सांगतात. तो करणारे आणि तपासणारे दोघेही नकाशा वाचू शकत नसतील, तर अंतिम शब्द पडद्याचाच राहतो.

मग काय व्हायला हवे?

ॲप नकोत असे कोणीच म्हणणार नाही. वाघ प्रकल्पांत २०१० पासून आलेल्या ‘एम-स्ट्राइप्स’ने गस्तीच्या नोंदी व्यवस्थित केल्या. पण यंत्राला प्रश्न विचारता येणे हे प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असायला हवे. प्रत्येक बीटवर नाल्या-टेकड्यांच्या स्थानिक नावांसह मोठ्या प्रमाणाचा नकाशा लावावा आणि तोच ग्रामसभेलाही द्यावा. दाव्याच्या प्रत्येक नकाशावर उपकरण, तारीख, प्रमाण आणि संभाव्य चूक लिहिणे सक्तीचे करावे. वनहक्क समितीच्या सदस्यांना वनरक्षकांबरोबर एकाच वर्गात शिकवले, तर पुढचे अनेक वाद जागेवरच मिटतील.

वनरक्षक भरतीत पुरुष उमेदवाराला चार तासांत २५ किलोमीटर, तर महिला उमेदवाराला १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. पायांची परीक्षा जितकी कसून होते, तितकीच नकाशा वाचणाऱ्या डोळ्यांचीही व्हावी. मोबाइल बाजूला ठेवून, कागद आणि होकायंत्र हाती देऊन, जंगलातच.