रग गेल्यावर काय?

पळसदरीला लावणी पाहत बांधावर उभा होतो. एका बंधूंनी विचारले, "सायेब, पोरगा तालमीत जायचं म्हणतो. अंगातली रग गेल्यावर काय?"

प्रश्न रास्त आहे. कुस्तीची कमाई तिशीनंतर ओसरते.

मी लातूरकडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचे सांगितले. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे वस्ताद होऊन पुण्याच्या तालमीत त्यांनी पोरे घडविली. २०११ साली ते वारले. बीड जिल्ह्यातला त्यांचा पठ्ठ्या राहुल आवारे. त्याला पुढे काका पवारांनी सांभाळले. तेही बिराजदारांचेच शिष्य. २०१८ साली राहुलने राष्ट्रकुलचे सुवर्ण आणले, तेव्हा ते पाहायला थोरले वस्ताद नव्हते.

"शाळा मात्र सोडू देऊ नका," मी म्हणालो.

"आणि लावणीला पोरगा घरी पायजे!"

तेही मी कबूल केले.