उपवास असताना इंजेक्शन कशाला?



भाद्रपद जवळ आला की आपल्या ग्रुपवर दोन गोष्टी सुरू होतात. दशलक्षणात कोण किती उपवास करणार याची यादी, आणि ज्या करणार नाहीत त्यांची चौकशी. यंदा या चौकशीत एक नवं वाक्य आलंय. "आपल्याकडे उपवासासारखं औषध असताना ही आठवड्याची इंजेक्शनं कशाला घ्यायची?" वाक्य ऐकायला गोड आहे. त्यात धर्माचा अभिमान आहे, म्हणून कुणी उलटून बोलत नाही. मी बोलणार आहे. हे वाक्य चुकीचं आहे, आणि किडनीचा आजार असलेल्या बाईसाठी तर धोक्याचं आहे.

इंजेक्शनं म्हणजे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. पेपरात त्यांच्यासोबत फोटो आले ते बारीक झालेल्या नटनट्यांचे. त्यामुळे 'वजनाचं इंजेक्शन' हेच नाव आपल्या तोंडी बसलं. एकदा हे नाव पडलं की पुढचा हिशोब सोपा होतो. वजन वाढलं म्हणजे जिभेवर ताबा नाही, ताबा नाही म्हणजे संयम नाही, आणि संयम नसलेली श्राविका कशी असते ते मंदिराच्या ओट्यावर बसून ठरवता येतं.

मला एकोणीस वर्षं मधुमेह आहे. ईजीएफआर ४२ आहे, म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी. लघवीतून प्रथिनं जातात. एसीआर नावाची तपासणी असते, तिचा आकडा ३० च्या आत हवा, माझा ४८० होता. गेले नऊ महिने मी दर रविवारी सेमाग्लुटाइड घेते. सहा किलो वजन उतरलं, गुडघे खूश आहेत. पण किडनीच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं ते सहा किलोंसाठी नाही.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे. पण ताळेबंद वाचता येतो, म्हणून त्यांनी सांगितलेल्या संशोधनाचे आकडे लेकाकडून काढून घेतले. मे २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ते छापून आलं. त्याचं नाव फ्लो. टाइप २ मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेले ३५३३ लोक. निम्म्यांना आठवड्याला १ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. किडनी निकामी होणं, तिचं काम निम्म्यावर किंवा त्याखाली येणं, किडनीमुळे किंवा हृदयामुळे मृत्यू होणं, असं काही सुमारे साडेतीन वर्षांत औषध घेणाऱ्या १७६७ जणांपैकी ३३१ जणांच्या वाट्याला आलं. न घेणाऱ्या १७६६ पैकी ४१० जणांच्या. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं या कामासाठी त्याला मान्यता दिली.

हे आकडे नीट बघा. ३३१ म्हणजे शून्य नव्हे. हा चमत्कार नाही, बुडत्या खात्यातून दरसाल जाणारी रक्कम थोडी कमी झाली, एवढंच. पण ज्या बाईनं नात्यात कुणाचं तरी डायलिसिस बघितलंय, आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास, सोबत एक माणूस अडकलेला, तिला या 'थोडं कमी'ची किंमत कळते. पाच वर्षांनी डायलिसिस लागायचं ते आठ वर्षांनी लागलं तर मधल्या तीन वर्षांत नातीचं लग्न होतं.

आता "उपवासानं तेच होतं" या म्हणण्याकडे वळते. होत नाही. निरोगी बाईची शुगर उपवासानं उतरते, वजन उतरतं, मन हलकं होतं, हे मला मान्य आहे. मी स्वतः चाळिशीत दहा उपवास केलेत. पण चांगली किडनी पाण्याविना दिवस काढायचा म्हटला की लघवी घट्ट करून पाणी राखते. आजारी किडनीला ते जमत नाही. बाई पाणी पीत नाही आणि किडनी पाणी सोडत राहते. त्यात आपल्यातल्या बहुतेक जणी बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा तशीच एखादी गोळी घेतात. एरवी ती किडनीला जपते, पण अंगात पाणी कमी पडलं की त्याच गोळीमुळे किडनीला आपला दाब सांभाळून घेता येत नाही. डापाग्लिफ्लोझिन घेणारीनं पूर्ण उपवास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेही शुगर फार वाढलेली नसताना, त्यामुळे घरी कुणाच्या लक्षातही येत नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारीची शुगर एकदम खाली जाते. आणि या सगळ्यावर हे इंजेक्शन. मळमळ, उलट्या, जुलाब हे त्याचे नेहमीचे त्रास, विशेषतः डोस वाढवताना. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की किडनीला अचानक इजा होते, ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेली आहे.

"मग एकासन करा" असं लगेच कुणीतरी म्हणतं. एकासनात दिवसभराचं खाणं एका बैठकीत होतं आणि पाणीही तेव्हाच. या औषधानं पोट सावकाश रिकामं होतं. त्यात दोन भाकऱ्या, आमटी, भात, वर दोन तांबे गरम पाणी एकदम गेलं की ते बाहेरच येणार. आणि मग उद्यापर्यंत पाणी नाही! मला डॉक्टरांनी उलट सांगितलंय: थोडं थोडं खा, घोट घोट पाणी पीत राहा.

"दहा दिवस इंजेक्शन बंद ठेवा" हा सल्ला तर मला आतापर्यंत चौघींनी दिला. सेमाग्लुटाइड अंगातून निम्मं जायलाच साधारण आठवडा लागतो. आज बंद केलं तर आठवड्यानं निम्मं असतं, दोन आठवड्यांनी पाव. म्हणजे उत्तम क्षमेच्या दिवशी बंद करून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत ते अंगातच असणार. शिवाय काही डोस चुकले की डॉक्टर बहुधा पुन्हा लहान डोसापासून सुरू करायला लावतात, म्हणजे मळमळीचा फेरा परत पहिल्यापासून.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी गेल्या वर्षी इंजेक्शन चालू असल्याचं घरात सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणतील ही भीती. तिसऱ्या उपवासाला उलट्या सुरू झाल्या, घरच्यांना वाटलं पित्त. पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं तोवर क्रिएटिनिन १.६ वरून ३.४ झालेलं. सलाइन लावलं, गोळ्या बंद केल्या, तेव्हा ते १.९ वर आलं. १.६ वर परत आलं नाही. आणि त्यांच्या पाच उपवासांचं कौतुक करणारा फ्लेक्स, फोटोसकट, त्या दवाखान्यात असताना चौकात लागलेला होता.

मला राग येतो तो इथं. उपवासाचा नाही, फ्लेक्सचा. तप हे कर्मनिर्जरेसाठी असतं असं आपण पाठशाळेत शिकलो. त्याची जाहिरात कधी सुरू झाली? आणि एकदा जाहिरात सुरू झाली की ज्यांचं नाव त्यात नाही त्यांनी कारण द्यायचं, असा रिवाज पडतो. साठीची बाई आपले लघवीचे रिपोर्ट मंडळात सांगत बसणार आहे का? ती गप्प बसते, किंवा वहिनींसारखी उपवास करते.

सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे, 'शक्तितस्त्याग' आहे. आपण त्या भावना पूजेत दरवर्षी म्हणतो, पण 'शक्तितः' या शब्दावरून घाईनं पुढे जातो. आणि शक्ती म्हणजे फक्त मनाची जिद्द नव्हे, ४२ ईजीएफआर हीसुद्धा शक्तीचीच मोजणी आहे. तपाचे बारा प्रकार आहेत. अनशन त्यातला एक. बाकीच्या अकरांचा फ्लेक्स मी अजून पाहिला नाही. आजाऱ्याची सेवा, वैयावृत्त्य, हे अंतरंग तप आहे, आणि चार दानांत औषधदान आहे. ज्या धर्मानं औषध देणं पुण्याचं मानलं, त्या धर्मात औषध घेणं कमीपणाचं कसं होईल? आमच्याकडे विहारात आलेल्या माताजींना मी हे सगळं सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळा लागतं?" ओट्यावरच्या एकीलाही तो सुचला नव्हता.

दुसरा आक्षेप पालीचा. "ते पालीच्या विषापासून बनवतात म्हणे, जैन माणसानं कसं घ्यायचं?" यात अर्धं खरं आहे, म्हणून सविस्तर सांगते. अमेरिकेत गिला मॉन्स्टर नावाचा सरड्यासारखा विषारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत एक पदार्थ सापडला, त्यावरून एक्झेनाटाइड नावाचं औषध निघालं. २००५ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. तेसुद्धा कारखान्यात रसायनांतून बनतं, प्राणी मारून नाही. सेमाग्लुटाइडचा त्या प्राण्याशी संबंध नाही. आपल्याच आतड्यात जेवणानंतर जीएलपी-१ नावाचं संप्रेरक तयार होतं, त्याची ती थोडी बदललेली नक्कल आहे. मूळ कंपनी ती यीस्टच्या साहाय्यानं बनवते. टिर्झेपाटाइड रासायनिक पद्धतीनं जोडतात.

यीस्ट म्हणजे सूक्ष्म जीव, हे खरंच. ज्यांना तेही नको त्यांनी डॉक्टरांशी टिर्झेपाटाइडबद्दल बोलावं, मात्र किडनीसाठी फ्लोसारखा अभ्यास सेमाग्लुटाइडवर झालाय हेही ध्यानात ठेवावं. पण आक्षेप घ्यायचा तर सगळीकडे घ्या. आपल्या आज्यांनी घेतलेलं इन्शुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. आजही कितीतरी कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यांतून येतं, आणि ते आपण सर्दीपडशाला विचार न करता गिळतो. आणि रेशमी साडी नेसून मला यीस्टची हिंसा समजावून सांगणाऱ्या काकींना मी काय बोलावं!

आता दुसऱ्या टोकाच्या बायकांनाही दोन शब्द. मुलाच्या लग्नाआधी दहा किलो उतरवायचे म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून पेन आणून टोचणाऱ्या आपल्यातही आहेत. त्यांच्यापैकी कितीजणींनी आधी क्रिएटिनिन आणि एसीआर बघितलं? मधुमेही बाईची किडनी वर्षानुवर्षं न दुखता खराब होते, तपासल्याशिवाय कळत नाही. घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरचा इतिहास असेल तर हे औषध घ्यायचंच नसतं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील, तर आधी सांगावं लागतं. डोळ्यांचा पडदा मधुमेहानं बिघडला असेल तर शुगर झपाट्यानं उतरल्यावर तो आणखी बिघडू शकतो, म्हणून डोळे दाखवून घ्यायचे. मेडिकलवाला यातलं काही विचारत नाही.

आणि वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. स्नायू कमी झाले की क्रिएटिनिनही थोडं कमी दिसतं, आणि किडनी सुधारली असं वाटून आपण पेढे वाटतो. म्हणून माझे डॉक्टर सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणीही करून घेतात. आपल्या ताटात प्रथिनं आधीच कमी, किडनीमुळे ती वाढवायलाही मर्यादा. मूगडाळ, मटकी, ताक किती घ्यायचं हे आहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या, मैत्रिणीचा तक्ता उतरवू नका.

खर्चाबद्दलही विचारतात. मौंजारो आलं तेव्हा लहान डोसाची एक कुपी ३५०० रुपयांची होती, पुढच्या डोसाची ४३७५, आणि महिन्याला चार लागतात. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती, त्यामुळे आता डॉक्टरांना स्वस्त पर्याय जरूर विचारा. परवडत नसेल तर बीपी, शुगर आणि जुन्या गोळ्या नीट सांभाळल्या तरी किडनी बरीच टिकते. न परवडणं हाही संयमाचा प्रश्न नाही.

यंदा यादी माझ्याकडे आली की नावापुढे मी 'रसपरित्याग' लिहिणार आहे. दहा दिवस वरचं मीठ, लोणचं, पापड बंद, डॉक्टरांना विचारून. पाणी मात्र सूर्यास्तापर्यंत हवं तेवढं पिणार. उलटी-जुलाब झाले तर कुठल्या गोळ्या त्या दिवशी थांबवायच्या आणि कुणाला फोन करायचा, तो कागद सुनेनं फ्रिजवर लावलाय. आणि मिठाऐवजी सैंधव चालेल का असं विचारू नका, सोडियम त्यातही जवळजवळ तेवढंच असतं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम घालतात, ते तर आपल्यासारख्यांनी घरात आणूच नये.