प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो?



शाळेची गुणवत्ता म्हटलं की निकालाची टक्केवारी, चाचणीचे गुण आणि भरलेले तक्ते पुढे येतात. मुलाला काय आलं, हे गुणांवरून थोडंफार कळतं. पण वर्गात शिकवताना नेमकं काय घडलं, हे त्यातून कळत नाही. अध्यापन सुधारायचं तर अध्यापनच मोजायला हवं.

अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी तेच केलं. विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी एक साधी गोष्ट मोजली : प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? सरासरी जेमतेम १ सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारत, नाहीतर स्वतःच बोलू लागत. हेच शिक्षक ३ सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं मोठी झाली, त्यांत कारणं येऊ लागली, गप्प बसणं कमी झालं. ज्यांच्यावर 'कच्चा' असा शिक्का बसलेला असतो, तीही मुलं बोलू लागली.

'मग अभ्यासक्रम कधी संपवायचा?' असं कोणी विचारेल. हिशोब करा. एका तासात २० प्रश्न, प्रत्येकाला २ सेकंद जास्त, म्हणजे फक्त ४० सेकंद!

बी.एड.ला आपण सगळेच कृतिसंशोधन शिकलो. पण पुष्कळदा ते पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, सरासरी आणि छान बाइंडिंग केलेला अहवाल एवढ्यावरच थांबतं. माझ्या मते संशोधन उद्याच्या तासाला उपयोगी पडायला हवं. मुख्याध्यापकांना सांगून मोबाइलवर एका तासाचा फक्त आवाज रेकॉर्ड करा. कारण विचारणारे १० प्रश्न निवडा. किती सेकंद थांबलात आणि किती वेगवेगळी मुलं बोलली, ते वहीत लिहा. दोन आठवडे मनात एक-दोन-तीन मोजून थांबा. मग पुन्हा मोजा.

एक मात्र नक्की, ही वही शिक्षकाचीच राहिली पाहिजे. तिच्यावरून शेरे आणि क्रमांक द्यायला लागलो, तर शिक्षक आकडे सजवतील आणि वर्ग आहे तिथेच राहील.

पालकांनो, घरी अभ्यास घेताना तुम्हीही मोजून पाहा. मूल गप्प असतं तेव्हा त्याला येत नसतं असं नाही, कित्येकदा ते विचार करत असतं. तेवढा वेळ त्याला द्यायलाच हवा.