भुकेल्यांच्या नावाने क्लब, मालकी कुणाची?

ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबची कथा अनेकदा अशी सांगितली जाते: गरीब मुलांना जेवू घालायला क्लब निघाला, पुढे खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि सेवाभाव संपला. कथेचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

नोव्हेंबर १८८७ मध्ये शहराच्या पूर्व भागातील सेंट मेरी चर्चच्या सभागृहात क्लबची स्थापना झाली. पुढाकार ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूंचा होता. आयर्लंडमधून पोटासाठी आलेली कॅथलिक कुटुंबे तिथे हलाखीत जगत होती. तिकिटाच्या पैशातून त्यांच्या मुलांना जेवण मिळावे, हा उद्देश. शिवाय प्रोटेस्टंटांच्या अन्नछत्रात गेलेली मुले धर्म बदलतील, ही भीतीही होतीच. २८ मे १८८८ रोजी पहिल्याच सामन्यात या संघाने रेंजर्सला ५-२ ने हरवले.

स्कॉटलंडमध्ये १८९३ पर्यंत खेळाडूला खेळण्याचे पैसे देणे नियमबाह्य होते. याला 'हौशी' खेळ म्हणायचे! पण हौस परवडते कुणाला? पाय मोडला की ज्याची रोजी बुडते, त्या कामगाराला नाही. म्हणून पैसे चोरून दिले जात. १८९३ नंतर ते उघडपणे देता येऊ लागले, इतकेच. यात पाप कसले? फुकट राबवून घ्यायचे आणि त्याला 'सेवा' म्हणायचे, ही चाल वेठबिगार भोगलेल्या आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायला नको.

मग मुलांचे ताट कुणी ओढले? वॉलफ्रिड यांची १८९२ मध्ये लंडनला बदली झाली. जेवणासाठीची मदत आटत गेली. १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला. भागधारक मालक झाले आणि नफ्यावर त्यांचा हक्क आला. ज्या मुलांच्या भुकेवर क्लबचे नाव झाले, त्यांच्या वाट्याला मालकांची मर्जी उरली. दोष खेळाडूंच्या मजुरीचा नाही, मालकीच्या कागदाचा आहे.

आज क्लबचे धर्मादाय प्रतिष्ठान आहे, चांगलेच आहे. पण दान देणारा दान थांबवूही शकतो. १९०८ च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडमधील शाळा मंडळांना भुकेल्या विद्यार्थ्यांच्या जेवणाची तरतूद करण्याचे अधिकार दिले. तिथून ताटाचा प्रश्न सार्वजनिक जबाबदारीच्या कक्षेत आला. सामना हरला काय, जिंकला काय, त्यावर मुलाचे जेवण अवलंबून असता कामा नये.

म्हणून वस्तीतल्या पोरांसाठी संघ काढणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे: तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण संस्थेची घटना दाखवा. तिच्यात पोरांचा वाटा लिहिला आहे का? हिशेब वस्तीसमोर मांडला जातो का? प्रशिक्षकाला मानधन मिळते का? हे लिहून ठेवलेले नसेल, तर तुमच्यानंतर त्या पोरांचे काय, याचे उत्तर आजच द्या.