खारपाणपट्ट्यातल्या पोरापोरींनो, एक पेशी जगवून बघा

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा... यातल्या एखाद्या तालुक्यात तुमचं गाव असेल, तर खारपाणपट्टा म्हणजे काय हे तुम्हाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग कधी असा प्रश्न पडलाय का, की याहून कितीतरी खारं समुद्राचं पाणी पिऊन कुरव पक्षी, म्हणजे आपला सीगल, जगतो कसा?

उत्तर त्याच्या डोळ्यांच्या वर आहे. तिथं कवटीच्या खोबणीत एक क्षारग्रंथी असते. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के, तर या ग्रंथीतून नाकावाटे टपकणाऱ्या थेंबात जवळपास पाच टक्के! आपल्या मूत्रपिंडाला हे जमत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९५७ साली क्नुट श्मिट-निल्सन यांनी पाणकावळ्यांवर प्रयोग करताना या ग्रंथीचं काम ओळखलं.

पण ग्रंथी मीठ फेकते एवढं कळून भागत नाही. नेमकी कोणती पेशी, कशी फेकते? त्यासाठी पेशी सुट्या करायच्या आणि त्याही जिवंत. हे काम बहुतेक बदकांवर झालं. बदकाला खारं पाणी दिलं की त्याची ग्रंथी काही दिवसांतच वाढते. ऊतीचे बारीक तुकडे करून ते कोलॅजिनेज या विकरात ठेवतात. पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळतं. मग हलक्या हातानं ढवळायचं, बारीक जाळीतून गाळायचं. शेवटी ट्रिपॅन ब्लू हा रंग टाकायचा: मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. घाई केली, ढवळताना जोर लावला, की सगळंच निळं!

अशा जिवंत पेशींमुळे मिठाचा प्रवास पायरीपायरीनं तपासता आला. पेशीतला पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. हा पंप येन्स स्को यांनी १९५७ सालीच खेकड्याच्या नसांमध्ये शोधला होता आणि १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. या पेशीत मीठ शिरण्याचं जे दार आहे, त्याच कुळातलं दार आपल्या मूत्रपिंडातही असतं. अंगावर सूज आली की डॉक्टर लघवी होण्याची फ्युरोसेमाइड गोळी देतात ना, ती हेच दार अडवते.

हे संशोधन उद्या तुमच्या विहिरीचं पाणी गोड करणार नाही, हे सरळ सांगतो. पण मीठ शरीरात कसं शिरतं आणि कसं निघतं, हा प्रश्न आपल्याइतका कोणाचा आहे? अमरावतीला विद्यापीठ आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. या प्रश्नासाठी मुंबई-पुण्याकडे बघत बसायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ग्रंथीसाठी पक्ष्याचा जीव जातो. म्हणून नैतिक समितीची परवानगी लागते, आणि ती लागायलाच पाहिजे. हात तयार नसताना असा प्रयोग करणं म्हणजे एक जीव फुकट घालवणं. तेव्हा आधी हात तयार करा. चिकनच्या दुकानात टाकून दिलेल्या ताज्या अवयवाचा तुकडा बर्फावर आणा, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली पेशी सुट्या करा, शंभरातल्या किती जिवंत राहिल्या ते मोजा. पहिल्यांदा दहा राहतील, पुढच्या वेळी तीस. आकडा वहीत खरा लिहा, वाढवून नको.

यंदा प्रॅक्टिकलला फक्त आकृती काढून सही घेऊ नका. पेशी जगवायला शिकवा म्हणून कॉलेजात हक्कानं मागा!