सून, भूत आणि हिशोब



अमोल पालेकरांचा ‘पहेली’ आपल्यापैकी बऱ्याच जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. राजस्थानच्या विजयदान देथांनी लोककथेवरून लिहिलेली ‘दुविधा’ ही त्याची मूळ गोष्ट. मणि कौल यांनी १९७३ मध्ये तिच्यावर सिनेमा केला, पालेकरांनी २००५ मध्ये.

गोष्ट व्यापारी घरातली. लग्न होताच नवरा पाच वर्षांसाठी व्यापाराला जातो. नवरीवर जीव जडलेलं एक भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं. पण तिला फसवत नाही. खरं काय ते सांगतं आणि ठरवायचं तिच्यावर सोपवतं. ती त्याला ठेवून घेते. पुढे खरा नवरा परततो. देथांच्या गोष्टीत धनगर भुताला पखालीत कोंडतो आणि ती नवऱ्यापाशी उरते. पालेकरांचं भूत मात्र सुटतं आणि नवऱ्याच्याच देहात शिरतं.

हा नवा शेवट गोड आहे, तरी मला जुनाच पटतो. नव्या शेवटात घरातले सगळे सुटतात. मुलाला लगेच धाडणाऱ्या सासऱ्याला कोणी जाब विचारत नाही. नवऱ्याला तर बोलायला तोंडच उरत नाही. सुनेला सुख मिळतं ते जादूने, घरातलं माणूस बदललं म्हणून नव्हे. जुन्या शेवटात तिला कोणी विचारत नाही, आणि तेच आपल्याला टोचत राहतं.

काही जणी म्हणतील, परपुरुष तो परपुरुष, असलं मुलींना दाखवू नये. शील मलाही मोलाचं आहे. पण हिशोब पहिल्या पानापासून मांडावा. सोबतीचा शब्द देऊन लगेच निघून गेलं कोण? सत्य हे आपल्या पाच अणुव्रतांतलं एक. त्या घरात ते पाळलं कोणी, तर भुताने!

आपल्या कोकणाला हे परकं नाही. नाट्यातून, राजापुरातून पुरुष मुंबईला जातात, आखातात जातात. पोटासाठी जावं लागतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण ठरवताना सुनेला विचारतं कोण? तिकीट काढल्यावर सांगणं म्हणजे विचारणं नव्हे.

तेव्हा सासवांनो, हे आपणच करू या. मुलगा निघायच्या आधी सुनेला जवळ बसवून विचारू, “तुला काय वाटतं गं?” उत्तर आवडलं नाही तरी पुरतं ऐकून घेऊ. खरं बोलायला घरची माणसं असली, तर भुताचं काम पडत नाही.