सिरोंचाच्या झुडपांत कान लावा

एक पक्षी महाराष्ट्राने कायमचा गमावला, की आपण तो नीट शोधलाच नाही, हे आजही ठरलेले नाही. जेर्डनचा धाविक असे त्याचे नाव. १८६० च्या दशकात विल्यम ब्लॅनफर्ड हे भूगर्भशास्त्रज्ञ गोदावरीच्या खोऱ्यात फिरत होते, तेव्हा सिरोंचा आणि भद्राचलम या भागांतून त्यांनी त्याची नोंद केली. सिरोंचा म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक, प्राणहिता गोदावरीला मिळते तो मुलूख. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली. महाराष्ट्रातून त्याची खात्रीची दुसरी नोंद नाही.

जगात हा पक्षी फक्त भारतात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात मोडतो आणि प्रौढ पक्ष्यांची संख्या ५० ते २४९ यांच्या दरम्यान धरली जाते. वाघांसाठी आपण जेवढे बोलतो त्याच्या शतांशानेही या पक्ष्यासाठी बोलत नाही, आणि त्याला कारण आहे. तो ज्या जमिनीवर जगतो तिला आपण जंगल मानायलाच तयार नसतो.

आधी त्याची ओळख करून घेऊ. टिटवीपेक्षा थोडा लहान, साधारण २७ सेंटिमीटर लांबीचा, उंच पायांचा पक्षी. डोके गडद तपकिरी, डोळ्यावर रुंद फिकट भुवई, गळ्यावर तांबूस डाग. छातीवर दोन तपकिरी पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढरा पट्टा. चोच पिवळी, टोकाशी काळी. डोळे मोठे, कारण त्याचा सारा व्यवहार रात्रीचा. दिवसभर तो झुडपाखाली मातीच्या रंगात मिसळून बसतो. अंधार पडला की झुडपांमधल्या मोकळ्या जागेत उतरतो आणि किडे वेचत फिरतो. उडता येते, पण पायांवर त्याचा भरवसा जास्त. म्हणूनच तो धाविक.

जमीन मात्र त्याला नेमकी लागते. खैर, बोर, करवंद, बाभळीच्या जातीची काटेरी झुडपे, आणि त्यांच्यामध्ये उघडी, खडकाळ, सपाट माती. कडपा जिल्ह्यातल्या अभ्यासात आढळले की दोन मीटरहून उंच झुडपे हेक्टरी ३०० ते ७०० असतील, आणि त्याहून बुटकी झुडपे हजाराच्या आत असतील, अशाच ठिकाणी तो सापडण्याचा संभव सर्वाधिक. झुडपे तोडून रान उघडे केले तर तो जातो. रान दाट होऊ दिले तरी तो जातो. या दोन टोकांमधली अरुंद जागा एवढेच त्याचे जग. एखाद्या अधिकाऱ्याने मोठ्या प्रेमाने तिथे रोपे लावून ‘हरित पट्टा’ केला, तरी धाविकाचे घर मोडले असेच समजावे.

टी. सी. जेर्डन हे मद्रास इलाख्यातले लष्करी डॉक्टर. त्यांनी मिळवलेल्या पक्ष्यावरून १८४८ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पेन्नेर आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांतून थोड्याच नोंदी आल्या. १९०० मध्ये अनंतपूर भागात तो दिसला आणि मग नोंदी थांबल्या. पुढच्या काळात अनेक नामवंतांनी शोध घेतला, हाती काही लागले नाही. पुस्तकांत त्याच्या नावापुढे ‘बहुधा नामशेष’ असे लिहिले जाऊ लागले.

१९८० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, पुन्हा शोध हाती घेतला. भारत भूषण हे तरुण अभ्यासक कडपा जिल्ह्यातल्या गावागावांत चित्र घेऊन फिरले आणि रात्री रानात जाणाऱ्या लोकांना विचारत राहिले. रेड्डीपल्लीच्या परिसरात चित्र ओळखणारा माणूस भेटला. जानेवारी १९८६ मध्ये बॅटरीच्या उजेडात त्याने पक्षी पकडून दाखवला. ८६ वर्षांनंतर धाविक सापडला, तो गावच्या शिकाऱ्यामुळे. पक्षी जगला नाही, पण जात जिवंत आहे हे सिद्ध झाले. दोनच वर्षांत श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य जाहीर झाले आणि टपाल खात्याने धाविकाचे तिकीट काढले.

या गोष्टीतला माझ्या दृष्टीने मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. पक्षी सापडला, पण त्याचा अभ्यास कसा करायचा? रात्री बॅटऱ्या घेऊन फिरण्याने काही साधत नव्हते. पी. जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर साधी युक्ती लढवली. झुडपांमधल्या वाटांवर पाच मीटर लांब आणि वीतभर रुंद असे मऊ मातीचे पट्टे सपाट करून ठेवायचे आणि सकाळी त्यांवर उमटलेली पावले वाचायची. टिटवी, माळटिटवी, करवानक यांच्या ठशांमधून धाविकाचे पाऊल वेगळे काढायला ते शिकले. पट्ट्यांशेजारी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसवून त्यांनी खात्री केली. आणि त्याचा आवाज ध्वनिमुद्रित झाला. ‘ट्विक्-टू, ट्विक्-टू’ अशी जोडशब्दी हाक, साधारण सेकंदाला एक, सूर्यास्तानंतर पाऊण तासाच्या सुमारास सुरू होणारी आणि काही मिनिटांत थांबणारी. एवढ्या माहितीने पक्षी कुठे आहे हे शोधण्याची किल्लीच हाती आली. ती मिळवायला परदेशी यंत्रांपेक्षा चिकाटी अधिक लागली, आणि गावकऱ्यांचे पाय.

तरीही त्याच्याविषयी न कळलेले पुष्कळ आहे. त्याचे घरटे कुणा अभ्यासकाने पाहिलेले नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात एक जुने अंडे पडून होते. १९१७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातून गोळा केलेले. जनुकीय तपासणीने ते धाविकाचेच ठरले आणि २०१३ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली. या अंड्याने दोन गोष्टी शिकवल्या. कर्नाटकातल्या कोलारपर्यंत हा पक्षी होता हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि १९०० नंतरही तो लोकांच्या हाती लागत होता. म्हणजे आपल्या नोंदी संपल्या तिथे पक्षी संपला होता असे नाही.

कडप्यात त्याच्यावर काय बेतले तेही सांगायला हवे. कृष्णेचे पाणी आंध्रच्या कोरड्या भागाला आणि चेन्नईला नेणारा तेलुगू गंगा कालवा त्याच्या रानावरून जाणार होता. मार्ग बदलला. पण २००५ च्या सुमारास अभयारण्यात बेकायदा खोदकाम सुरू झाले आणि धाविक वावरत असलेल्या जागेचे नुकसान झाले. वनखात्याने आणि अभ्यासकांनी आवाज उठवला, काम थांबले, कालवा पुन्हा वळवला गेला. पण कालवा ज्या भागात पोचतो तिथे झुडपांच्या जागी लिंबाच्या बागा येतात. जळणासाठी झुडपे तोडली जातात. शिवाय रक्तचंदनाच्या तस्करीमुळे या डोंगरांत रात्री फिरणे अवघड होऊन बसले आणि निशाचर पक्ष्याचा अभ्यास त्यात अडकला. २००९ च्या सुमारास नोंदी थांबल्या. पुढची दीड दशके अनेकांनी मनातून त्याचा निरोपही घेतला असेल.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये पक्षीनिरीक्षकांच्या एका गटाने आंध्रातच त्याची हाक पुन्हा ध्वनिमुद्रित केली. तो आहे.

म्हणूनच आता गडचिरोलीकडे वळायचे. सिरोंचात धाविक आज आहे असा माझा दावा नाही. पण तिथे तो होता हे लिहून ठेवलेले आहे, त्याची हाक कशी असते हे आता ठाऊक आहे, आणि झुडपी रान पूर्व विदर्भात आजही शिल्लक आहे. नाही म्हणायचे तर आधी नीट ऐकून मग म्हणावे. आपल्याच राज्यात याचा दाखला आहे. वनपिंगळा १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, तोही संपला असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला. एकदा त्याचा आवाज आणि सवयी लोकांना कळल्या, तसा तो मेळघाटात मिळाला आणि मग मुंबईच्या इतक्या जवळ, तानसाच्या जंगलातही. ११३ वर्षे तो तिथेच होता. आपले लक्ष तिथे नव्हते.

झुडपी जंगलाचा प्रश्न याहून मोठा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन किती काळ वादात होती हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. त्यातली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनव्यवस्थापनासाठी निरुपयोगी म्हणून बाजूला काढायची, असा प्रयत्न वर्षानुवर्षे चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीनच आहे असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मान्यतेची वाट ठेवली आणि भरपाई वनीकरणासाठी ही जमीन वापरण्यावर अटी घातल्या. जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी आहेत तिथल्या माणसांना न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जे तुकडे अजून झुडपीच आहेत त्यांना ‘पडीक’ म्हणणे आता कायद्यानेही चूक ठरले आहे. ससा, खोकड, तित्तर, लावे, करवानक, माळरानाचे साप, सगळे याच रानात राहतात. माळढोकाचे काय झाले ते सोलापूरजवळच्या नान्नजला आपण डोळ्यांदेखत पाहिले. माळ वाचवायला उशीर केला. झुडपांच्या बाबतीत तोच उशीर करायचा का?

मागणी अवघड नाही. सिरोंचा तालुक्यातल्या झुडपी रानात एक पद्धतशीर ध्वनी-सर्वेक्षण व्हावे. रात्रभर आवाज टिपणारी छोटी यंत्रे आता परवडण्यासारखी आहेत. ती महिनोन्‌महिने झाडाला बांधून ठेवता येतात आणि कुणाला अंधारात रानात बसावे लागत नाही. जिथे संशयास्पद हाक मिळेल तिथे मातीचे पट्टे टाकावेत. बीएनएचएसकडे या पक्ष्याचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे, वनखात्याकडे जमीन आणि माणसे आहेत, विदर्भात उत्तम पक्षीनिरीक्षक आहेत. यांना एका टेबलाशी आणायला पत्रे लागतील. सर्वेक्षण पुरे होईपर्यंत या झुडपी तुकड्यांवर सागाची वा अन्य झाडांची सलग लागवड करू नये, हेही त्याच पत्रांत मागावे.

आणि गावांना सोबत घ्यावे, पहिल्या दिवसापासून. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून याच जिल्ह्यात वाट दाखवली. ज्या ग्रामसभा आपले रान स्वतः राखतात त्यांना हे काम सांगायला बाहेरचा माणूस लागत नाही. रात्री गुरे शोधायला जाणारा गुराखी, पहाटे मोहफुले वेचायला निघणारी बाई, यांना हाक ऐकवावी, चित्र दाखवावे, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. गुराख्याला झुडपी रानातून हाकलून देणे हा तर सर्वांत वाईट उपाय ठरेल. बेताच्या चराईने झुडपांमधली माती उघडी राहते आणि तीच धाविकाला हवी असते.

कॅमेरे घेऊन कडप्याकडे धावू नका, ही पक्षीनिरीक्षक मित्रांना हात जोडून विनंती. मुद्रित हाक पुन्हापुन्हा वाजवून उरल्यासुरल्या पक्ष्यांना त्रास देऊ नका. ज्या राज्यात त्याची नोंद दीडशे वर्षांपूर्वी संपली तिथे, परवानगी घेऊन, संध्याकाळी शांत बसून ऐकणे हे अधिक मोलाचे काम आहे. काही ऐकू आले तर फोनवर ध्वनिमुद्रण करा, जागा आणि वेळ लिहा, नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, थेट वनखात्याला आणि बीएनएचएसला कळवा. काहीच ऐकू आले नाही तर तेही लिहून पाठवा. कुठे नाही हे कळल्याशिवाय कुठे असेल हे कळणार नाही.

पत्र नागपूरच्या वनभवनात, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावे लिहायचे आहे. त्यात एवढेच मागा: जेर्डनच्या धाविकासाठी सिरोंचात ध्वनी-सर्वेक्षण, आणि त्याचा अहवाल लोकांसमोर येईपर्यंत तिथल्या झुडपी जंगलात एकही नवे काम नाही. शाळांनी, महाविद्यालयांच्या निसर्ग मंडळांनी, ग्रामसभांनी ठराव करून पाठवले तर अधिक बरे. येत्या उन्हाळ्याआधी ही पत्रे पोचायला हवीत, म्हणजे पुढच्या वर्षाच्या कामात या सर्वेक्षणाची मागणी वेळेत मांडता येईल.